पाचटाचं डिझेल: तुम्ही विचारलंत म्हणून

निपाणी-चिकोडीकडे ऊस उत्पादक भेटले की प्रश्न ठरलेला: "मॅडम, पाचटापासून डिझेल होतं म्हणे. मग आम्ही ते पेटवून का देतोय?"

तेल होतं, हे खरं आहे. वाळलेलं पाचट, म्हणजे ऊसतोडीनंतर रानात उरलेला पाला, बारीक करून, हवा लागू न देता, साधारण ५०० अंश सेल्सिअसपर्यंत झटकन तापवायचं आणि निघालेली वाफ लगेच गार करायची. हाती येतं ते काळपट, धुरकट वासाचं, काकवीसारखं दिसणारं तेल. पण ते डिझेल नव्हे. त्यात भरपूर पाणी असतं, ते आम्लधर्मी असल्यामुळे लोखंड खातं, नुसतं ठेवलं तरी घट्ट होत जातं आणि उष्णता डिझेलच्या निम्म्याहून कमी देतं.

हे सगळं ऑक्सिजनमुळे. या तेलात तो वजनाच्या ३५ ते ४० टक्के भरतो, डिझेलमध्ये जवळजवळ नसतोच. तो काढून टाकणं हे उत्प्रेरकाचं, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवणाऱ्या पदार्थाचं काम. झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या अतिसूक्ष्म छिद्रांमधून वाफ नेली, की ऑक्सिजन पाणी आणि कार्बनचे वायू होऊन निघून जातो. कोबाल्ट-मॉलिब्डेनम या धातूंच्या उत्प्रेरकावर दाबाखाली हायड्रोजन देऊनही तो काढता येतो, पण हायड्रोजन महाग पडतो.

खरी लढाई पुढे आहे. झिओलाइटचे पांढरे दाणे थोड्याच वेळात काळेकुट्ट होतात, कारण छिद्रांत कार्बन साचतो. तो जाळला की दाणे पुन्हा कामाला लागतात. पाचटाच्या राखेतलं पोटॅशियम मात्र जळून जात नाही. ते दाण्यावर चिकटून, ज्या आम्लशक्तीनं तो काम करतो तीच मारतं. तुम्ही पैसे मोजून उसाला जे पोटॅश, म्हणजे पोटॅशियमचं खत, घालता, तेच आमच्या उत्प्रेरकाचं विष!

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात चिपाडापासून, म्हणजे रस काढल्यावर उरलेल्या चोथ्यापासून व्हावी. गाळपात पाणी मारलं जातं तेव्हा त्यातलं बरंचसं पोटॅश धुऊन जातं, आणि चिपाड कारखान्याच्या आवारात आयतं गोळा झालेलं असतं. बॉयलरला लागतं ते वगळून उरलेलं घ्यावं. पाचटाचं तसं नाही. एकरी तीन-चार टन निघालं तरी ट्रॉली भरते ती हवेनंच, वाहतुकीतच पैसे संपतात.

मग पेटवता का? खोडव्यासाठी, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकासाठी, रान लवकर मोकळं व्हावं म्हणून, हे मला कळतं. पण त्या आगीत नत्र आणि गंधक धुरावाटे जातं. त्यापेक्षा बुडखे छाटून पाचट सरीत दाबा. ओल टिकते, तण कमी येतं, पोटॅशही तुमच्याच रानात राहतं.