क्लबचा मालक परदेशी असला तर चांगलं की वाईट?

हिवाळ्यात शनिवारची साडेआठची इंग्लिश फुटबॉलची मॅच संपली, की नाशिकच्या कॉलेज रोडला चहाच्या गाडीभोवती जमलेली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. चेल्सीवाला एक उत्तर देतो, युनायटेडवाला नेमकं उलटं, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मालक कुठल्या देशाचा, यावरून फारसं काही कळत नाही. 'बरी' नावाचा 1885 सालचा एक इंग्लिश क्लब आहे. ऑगस्ट 2019 मध्ये तो इंग्लिश फुटबॉल लीगमधून काढला गेला, तेव्हा त्याचा मालक इंग्लिशच होता आणि त्याने क्लब एका पौंडाला घेतला होता. डर्बी काउंटीचा मालक तर डर्बीतलाच. त्याने 2018 मध्ये क्लबचं स्टेडियम स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला 8 कोटी 10 लाख पौंडांना विकून ताळेबंदात नफा दाखवला. 2021 मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रशासकाच्या हाती गेला. उलट लेस्टर 2010 मध्ये थायलंडच्या मालकांनी घेतला. क्लबला दिलेलं 10 कोटी 30 लाख पौंडांचं कर्ज त्यांनी 2013 मध्ये शेअरमध्ये बदलून टाकलं, आणि 2016 मध्ये त्याच क्लबने प्रीमियर लीग ही इंग्लंडची सर्वोच्च लीग जिंकली.

'कर्ज शेअरमध्ये बदललं' यात निम्मं उत्तर आहे. दिंडोरी-निफाडच्या बागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. भावाने बागेत भागीदार म्हणून पैसे घातले असतील, तर गारपिटीत बाग गेली की त्याचेही गेले. उसने दिले असतील, तर गारपीट होवो न होवो, परत मागायचा हक्क त्याच्याकडे राहतो. क्लबचंही तसंच. मालकाने शेअर घेऊन घातलेला पैसा क्लबचा झाला. कर्जाऊ दिलेला पैसा मालकाचाच राहिला, मग व्याज शून्य का असेना.

रोमन अब्रामोविच या रशियन धनाढ्याने 2003 मध्ये चेल्सी घेतला. पुढच्या 19 वर्षांत चषक आले, आणि क्लबची मालक असलेल्या वरच्या कंपनीवर त्याचंच सुमारे 150 कोटी पौंडांचं कर्ज साठलं. 10 मार्च 2022 ला ब्रिटिश सरकारने त्याच्यावर निर्बंध लादले आणि क्लब विशेष परवान्यावर चालू लागला. नवीन तिकीटविक्री बंद, खेळाडूंची खरेदी-विक्री बंद, बाहेरगावच्या मॅचला प्रवासखर्च 20 हजार पौंडांच्या आत. त्याने कर्ज परत मागितलं असतं, तर क्लबकडे द्यायला काही नव्हतं. त्याने ते सोडलं, अमेरिकी गटाने शेअरचे 250 कोटी पौंड मोजले आणि ते ब्रिटनमधल्या गोठवलेल्या खात्यात गेले. चेल्सी वाचला, पण तो एका माणसाच्या शब्दावर वाचला. एवढ्या मोठ्या संस्थेची अशी अवस्था असावी, हे मला आजही अस्वस्थ करतं.

तिसरा प्रकार सगळ्यांत वाईट. अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने 2005 मध्ये सुमारे 79 कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेड घेतला. त्यातली बरीचशी रक्कम उसनी होती, आणि तिचा मोठा भाग क्लबच्याच मालमत्तेच्या तारणावर. शेजाऱ्याचं शेत घ्यायला त्याच शेतावर बोजा चढवायचा आणि हप्ते त्याच शेताच्या उत्पन्नातून फेडायचे, असा हा व्यवहार. तोवर क्लबवर जवळजवळ कर्ज नव्हतं. त्या वर्षी चिडलेल्या काही चाहत्यांनी बाहेर पडून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला. तो आजही सभासदांच्या मालकीचा आहे.

आता सातबारा. स्टेडियमची जमीन कोणाच्या नावावर आहे, हे मालकाच्या नावाइतकंच महत्त्वाचं. स्टॅमफर्ड ब्रिज या चेल्सीच्या स्टेडियमची जमीन 1993 पासून अस्तित्वात असलेल्या चेल्सी पिच ओनर्स या चाहत्यांच्या कंपनीकडे आहे, आणि 'चेल्सी फुटबॉल क्लब' या नावाचे हक्कही तिच्याकडेच. क्लब ते मैदान सोडून गेला, तर या भागधारकांच्या संमतीशिवाय नाव वापरता येणार नाही. 2022 मध्ये आलेल्या अमेरिकी खरेदीदारांनाही ही अट मान्य करावीच लागली. डर्बीत या संरक्षणाचा मागमूस नव्हता.

'मालक एवढा श्रीमंत, मग खेळाडू का घेत नाही?' हा त्यातलाच उपप्रश्न. सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने ऑक्टोबर 2021 मध्ये न्यूकॅसलचा 80 टक्के हिस्सा घेतला. तरी जून 2024 च्या अखेरीस त्या क्लबला दोन तरुण खेळाडू विकावे लागले. कारण तेव्हाचा प्रीमियर लीगचा नियम: तीन वर्षांत मिळून तोटा जास्तीत जास्त साडेदहा कोटी पौंड, आणि त्यातले 9 कोटी मालकाने भांडवल म्हणून भरलेले हवेत, नाहीतर मर्यादा दीड कोटीच. एव्हर्टनचे याच नियमाखाली नोव्हेंबर 2023 मध्ये 10 गुण कापले गेले, अपिलात ते 6 झाले.

यातलं गणित समजून घ्या. 10 कोटी पौंडांचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला, तर हिशेबात दरवर्षी 2 कोटी खर्च पडतो. विकल्याची किंमत मात्र त्याच वर्षी जमा धरली जाते, आणि मुलगा अकादमीत वाढलेला असेल, तर जवळजवळ सगळीच रक्कम नफा. म्हणून हिशेबाचं वर्ष संपताना घरची मुलं विकली जातात. चेल्सीने करार आठ-साडेआठ वर्षांचे करून वार्षिक खर्च पातळ केला होता. 2023 मध्ये युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने आणि मग प्रीमियर लीगने ही विभागणी पाच वर्षांवर रोखली. मालकाच्याच कंपनीने फुगवलेल्या दराने प्रायोजकत्व देण्याची पळवाटही डिसेंबर 2021 पासून बाजारभावाच्या तपासणीखाली आली.

आपल्या जवळचं उदाहरण पुण्याचं. वेंकीज समूहाने नोव्हेंबर 2010 मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स 2 कोटी 30 लाख पौंडांना घेतला, शिवाय जुनं कर्जही अंगावर घेतलं. हा 1994-95 चा प्रीमियर लीग विजेता क्लब. महिन्याभरात अनुभवी व्यवस्थापक सॅम अॅलर्डाइस यांना काढलं, 2012 मध्ये क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये गेला, 2017 मध्ये आणखी एक पायरी खाली, आणि 2018 मध्ये ती पायरी परत चढला. इतकी वर्षं मालक तोटा भरत आले, हेही तितकंच खरं. मात्र भारतातून पैसा पाठवणं वाटतं तेवढं सोपं नाही. भारतीय कंपनीला परदेशात गुंतवणुकीसाठी आपोआप मिळणारी मर्यादा तिच्या नक्त मूल्याच्या (मालमत्ता वजा देणी) 400 टक्के आहे, आणि कंपनीची सरकारी चौकशी सुरू झाली की प्रत्येक रकमेला परवानगी लागू शकते. 2023 मध्ये ब्लॅकबर्नच्या मालकांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, ते यासाठीच. खेळाडूंचा पगार महिन्याला द्यायचा असतो, कोर्टाची तारीख त्याप्रमाणे पडत नाही.

जर्मनीत बाहेरचा पैसा येतो, पण क्लबची सूत्रं सभासदांकडे राहतात. 1998 पासून तिथे फुटबॉल विभागाची वेगळी कंपनी काढता येते, मात्र निम्म्याहून एक मत अधिक मूळ क्लबकडेच लागतं. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग हे अपवाद. नाशिककरांना हे परकं वाटू नये. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने 2022 मध्ये युरोपातून 310 कोटी रुपये आणले, ते मूळ शेतकरी उत्पादक कंपनीत नव्हे, तिच्या उपकंपनीत. उत्पादक कंपनीचे शेअर बिगरशेतकऱ्याला घेताच येत नाहीत. फुटबॉलमध्ये मला ही रचना सगळ्यांत भरवशाची वाटते.

एकाच मालकाचे अनेक क्लब, हा नवा धोका. क्रिस्टल पॅलेसने 2025 मध्ये एफए कप जिंकून युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची जागा मिळवली. जॉन टेक्स्टर या अमेरिकी गुंतवणूकदाराचा हिस्सा पॅलेसमध्येही होता आणि त्याच स्पर्धेत पात्र ठरलेल्या लिऑं या फ्रेंच क्लबमध्येही. मालकी वेगळी करण्याची मुदत 1 मार्च होती, ती हुकली, आणि पॅलेस खालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये गेला. खेळाडूंनी मैदानावर कमावलेलं कागदावर गेलं.

इंग्लिश क्लबचे कागद तुम्ही स्वतः फुकट बघू शकता. कंपनीज हाउस, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर क्लबच्या कंपनीचं नाव शोधा. 'पीपल'मध्ये 25 टक्क्यांहून जास्त हिस्सा कोणाचा ते दिसतं. तिथे दुसऱ्याच कंपनीचं नाव असेल, तर तीही उघडा, कारण कर्ज बऱ्याचदा वरच्या कंपनीत असतं. 'चार्जेस' म्हणजे आपल्या सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बोजा: कोणत्या सावकाराकडे काय तारण आहे ते. फायलिंगच्या यादीत एसएच01 हा फॉर्म दिसला, तर नवे शेअर निघाले. त्यात रक्कमही असते. शेवटी वार्षिक हिशेबात समूहातल्या कंपन्यांना देणं किती आणि ते कधी मागता येतं, ही टीप वाचा. बहुतेक क्लबांचं वर्ष 30 जूनला संपतं आणि खाजगी कंपनीला हिशेब दाखल करायला नऊ महिने मिळतात. म्हणजे तिकडचे आकडेही 31 मार्चपर्यंत येतात, आपल्या मार्चअखेरीच्या धांदलीतच.