केप हनीसकल: वेल की झुडूप?

नारिंगी फुलांचे घोस पाहून केप हनीसकलला पुष्कळजण संक्रांतवेल समजतात. दोन्ही वनस्पती बुचाच्या आणि नीलमोहराच्याच कुळातल्या असल्या, तरी संक्रांतवेलीला आधार पकडणारे ताणे असतात आणि केप हनीसकलला ते मुळीच नसतात. मूळच्या दक्षिण आफ्रिकेकडील या झुडपाच्या लांब, लवचीक फांद्या शेजारच्या झाडांवर नुसत्या रेलत वर सरकतात. त्यामुळे कमान झाकायची असल्यास त्या हाताने वळवून सैलसर बांधण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. मला तरी हे झुडूप कुंपणालगत, छाटून दाट ठेवलेलेच अधिक शोभून दिसते.

किंचित वाकलेली अरुंद नळी, तिच्या तोंडाशी ओठांसारख्या उघडलेल्या पाकळ्या आणि त्यांच्याबाहेर डोकावणारे चार पुंकेसर, अशी या फुलाची ठेवण असते. शिंजीर मधासाठी आपली बाकदार चोच नळीत खुपसतो, तेव्हा नेमके त्याच्या डोक्याला परागकण चिकटतात.

ही फुले नव्या फुटीच्या शेंड्यावर येतात आणि झुडपाची बहुतेक निगा या एका गोष्टीवर ठरते. बहर ओसरला की फांद्या निम्म्यापर्यंत निःसंकोच छाटाव्यात. ज्यांना कात्री चालवायला जीव होत नाही, त्यांच्या वाट्याला उंचावर दोन-चार घोस आणि खाली उघडीबोडकी खोडे येतात. भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन एवढ्यावर हे झुडूप खूश असते. नत्रयुक्त खताचा मारा केल्यास मात्र पानेच माजतात.

कडाक्याची थंडी याला सोसत नाही. दव गोठले की कोवळे शेंडे काळे पडतात, पण मुळे शाबूत असली तर बुंध्यापासून पुन्हा फूट येते. म्हणून करपलेल्या फांद्या लगेच काढू नयेत. थंडी पूर्ण सरेपर्यंत त्या आतल्या डोळ्यांना, म्हणजे नवे कोंब फुटतात त्या जागांना, थोडा आडोसा देतात.

नवी रोपे करणे सोपे आहे, किंबहुना जरा जास्तच सोपे आहे. जमिनीला टेकलेल्या फांदीला आपोआप मुळे फुटतात, ती कापून वेगळी लावली की झाले. याच गुणामुळे ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत हे झुडूप तण ठरले आहे. तेव्हा बुंध्याभोवतीचे धुमारे वेळच्या वेळी उपटावेत आणि छाटलेल्या फांद्या ओल्या मातीवर पडू देऊ नयेत.