बदामाचं लाल पान आणि आंब्याची तांबूस पालवी

मुंबईत पानगळीचे रंग बघायचे असतील तर डिसेंबर ते फेब्रुवारीत एखाद्या बदामाखाली उभं राहा. शाळेच्या पटांगणात, चाळीच्या कंपाउंडात, रस्त्याच्या कडेला हे झाड जागोजागी आहे. एकाच फांदीवर हिरवं, पिवळं, केशरी आणि गर्द लाल अशी पानं एकदम दिसतात. बरेच जण म्हणतात, थंडी पडली की पानं लाल होतात. पण मुंबईत पान लाल होण्याइतकी थंडी पडते कुठे?

सुरुवात हिरव्या रंगापासून करू. पानाच्या पेशींत हरितलवकं असतात आणि त्यांत हरितद्रव्य असतं. ते उन्हातला निळा आणि लाल प्रकाश शोषून घेतं. हिरवा त्यामानाने कमी शोषला जातो, म्हणून तो आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. शोषलेल्या उर्जेवर मुळांकडून आलेलं पाणी फोडलं जातं. त्यातला ऑक्सिजन बाहेर पडतो आणि हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडपासून साखर तयार करायला वापरला जातो. म्हणजे झाड सोडतं तो ऑक्सिजन पाण्यातला, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा नव्हे. इथे खूप जणांची गल्लत होते. दिवसभरात जी साखर लगेच खर्च होत नाही तिचा काही भाग पानातच स्टार्च म्हणून साठतो आणि रात्री पुन्हा साखर होऊन देठातून बाकीच्या झाडाला जातो.

कार्बन डायऑक्साइड आत येतो तो मुख्यतः पानाच्या खालच्या बाजूच्या पर्णरंध्रांतून. पण रंध्र उघडं असलं की त्यातून पाण्याची वाफही निघून जाते. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवायला पाण्याचे शेकडो रेणू गमवावे लागतात. पावसाळ्यात हे परवडतं, पण पाऊस संपून जमीन कोरडी व्हायला लागली की परवडत नाही, म्हणून झाड पानं टाकतं. लंडनमध्ये सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून अधिक आणि सर्वांत लहान आठ तासांहून कमी असतो. तिथली झाडं आखडत चाललेला दिवस आणि वाढती थंडी ओळखून शरद ऋतूत रंग बदलतात. मुंबईचा दिवस साधारण 11 तासांवरून सव्वातेरा तासांवर जातो, एवढाच फरक. आपल्याकडच्या पानगळीत कोरडेपणाचा वाटा फार मोठा आहे.

पान टाकण्याआधी झाड त्यातलं कामाचं बरंच काही काढून घेतं, विशेषतः नायट्रोजन. त्याचा मोठा साठा हरितलवकांतल्या प्रथिनांत असतो. ती प्रथिनं मोडायची तर त्यांना धरून बसलेलं हरितद्रव्य आधी निकामी करावं लागतं, कारण सुटं हरितद्रव्य उन्हात पेशीलाच इजा करतं. म्हणून हिरवा रंग आधी जातो. मग पिवळा दिसू लागतो. तो नवा नसतो. कॅरोटिन आणि त्याच्या जातीची पिवळी द्रव्यं पानात पहिल्यापासून असतात, फक्त हिरव्याखाली झाकलेली.

लाल रंगाचं मात्र वेगळं आहे. ते अँथोसायनिन, आणि ते झाड जाता जाता नव्याने तयार करतं. मरायला टेकलेल्या पानावर हा खर्च कशासाठी, याबद्दल शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. मला पटणारं कारण असं, की नायट्रोजन परत नेण्याचं काम चालू असताना हा रंग दुबळ्या झालेल्या पेशींवर उन्हाची सावली धरतो. गळून पडलेलं बदामाचं पान उचलून देठाचं टोक बघा. ते कोरडं असतं आणि तिथे जखम दिसत नाही. देठाच्या बुडाशी पेशींचा एक कमकुवत थर तयार होतो, पान तिथूनच सुटतं आणि फांदीकडची बाजू बुचासारख्या थराने बंद होते. हिरवं पान ओढून तोडलं तर असं होत नाही, साल फाटते आणि जागा ओली राहते.

पिवळा रंग खरंच आत होता का, हे घरी तपासता येतं. एक हिरवं आणि एक पिवळं पडलेलं पान घ्या. दोन्ही वेगवेगळी बारीक चिरून खलबत्त्यात ठेचा आणि प्रत्येकी दोन-तीन चमचे सर्जिकल स्पिरिट घाला. वाट्या झाकून गरम पाण्याच्या पातेल्यात अर्धा तास ठेवा. गॅस आधी बंद करा. स्पिरिटची वाफ चटकन पेट घेते. फिल्टर पेपरची 2 सेंटिमीटर रुंद पट्टी कापा, खालून 2 सेंटिमीटरवर पेन्सिलीने रेघ मारा आणि रेघेवर अर्काचा थेंब पाच-सहा वेळा, दर वेळी वाळू देऊन, एकाच जागी टेकवा. मग ग्लासात 1 सेंटिमीटर स्पिरिट घेऊन पट्टी उभी सोडा आणि वर ताटली झाका.

प्रयोग फसतो तो बहुतेक तीन कारणांनी. रेघ बॉलपेनने मारली तर शाईच वर चढते. थेंब स्पिरिटच्या पातळीखाली गेला तर रंग ग्लासात उतरतो. एकदाच थेंब लावला तर पट्टे इतके फिके येतात की दिसतच नाहीत. नीट जमलं तर हिरव्या पानाच्या पट्टीवर हिरव्याच्या जोडीला पिवळाही वेगळा होतो, आणि पिवळ्या पानाच्या पट्टीवर हिरवा जवळपास नसतो. घरच्या स्पिरिटने पट्टे एकमेकांत थोडे मिसळतात, ते चालायचंच. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाइल त्स्वेत याने पानातली द्रव्यं अशीच वेगळी केली आणि 1906 मध्ये या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. त्याने कागदाऐवजी खडूच्या भुकटीने भरलेली नळी वापरली होती.

लाल रंगासाठी लाल माठ घेऊ नका. माठाचा लाल म्हणजे अँथोसायनिन नव्हे, बीटातल्या रंगाच्या कुळातलं द्रव्य आहे. पण माठाची जुडी दुसऱ्या एका गोष्टीसाठी उपयोगी आहे. चार पानं पाण्यात उकळा. पाणी लालभडक होतं आणि पान हिरवं उरतं. लाल पानसुद्धा अन्न कसं तयार करतं, याचं उत्तर त्या पातेल्यात दिसतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मुंबईत उलटा प्रकार सुरू होतो. पिंपळाला तांबूस पालवी फुटते, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कुसुंबाचं झाड कोवळ्या पानांनी लालेलाल होतं आणि लांबून बघणाऱ्याला ती पानं फुलं वाटतात. आंब्याची कोवळी पानंही तांब्याच्या रंगाची असतात. या पानांत हरितद्रव्य अजून पुरतं भरलेलं नसतं, आणि अँथोसायनिन आहे तोवर कडक उन्हापासून थोडं रक्षण होतं. द्रव्य तेच, पण बदामात ते हिरवा रंग जाताना येतं आणि आंब्यात हिरवा येण्याआधी.

खालच्या आंब्याच्या फांदीवर तांबूस पालवी दिसली की एका डहाळीला दोरा सैलसर बांधून ठेवा आणि दर तीन दिवसांनी त्याच पानाचा फोटो काढा. पान आधी लोंबतं आणि बोटाला मऊ लागतं. मग फिकट पोपटी होतं, शिरा ठळक होतात, आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत ते ताठ, चिवट आणि गडद हिरवं झालेलं असतं.