भाषणात जे राहून गेलं

या २६ जानेवारीला गावच्या शाळेत मला बोलावलं होतं. झेंडावंदन झाल्यावर सरांनी ओळख करून दिली. वडील नाहीत, आई कापूस वेचायची, तरी पोरगी जिद्दीनं शिकली, आज यवतमाळला नर्स आहे. मीही माइकवर तेच बोलले, की जिद्द ठेवा, परिस्थिती आड येत नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्याच रांगेत शेजारच्या वहिनीचा पोरगा बसला होता. त्याच्याकडे पाहिलं आणि माझे शब्द मलाच टोचले.

आमचं गाव घाटंजी तालुक्यातलं. बाबा २००९ साली पोळ्याच्या चार दिवस आधी काविळीनं गेले. मागे दोन एकर कोरडवाहू वावर, त्यात उभी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि कृषी केंद्राची उधारी. मी सहावीत होते, भाऊ अंगणवाडीत.

तेरवी झाली आणि तिसऱ्या दिवशी आई दुसऱ्याच्या वावरात निंदणाला गेली. दिवाळीनंतर वेचणी. कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकायचं, किलोमागे पाच रुपये. चाळीस किलो झाला तर चांगला दिवस. बोंडांच्या टोकांनी बोटं चिरायची, रात्री ती त्यांना तेल लावत बसायची आणि पहाटे चारला पुन्हा उठायची. याहून जास्त जिद्द माणसानं कुठून आणायची? तरीही त्या हिवाळ्यात मी दोन महिने शाळेत गेले नाही, कारण माझ्या वेच्याचेही पैसे लागत होते. आईची सगळी जिद्द संध्याकाळच्या पिठापर्यंतच पुरत होती.

भाऊ अंगणवाडीत जायचा, म्हणून आमच्या घरी कोणत्या दिवशी चूल पेटली नाही हे अंगणवाडीच्या ताईंना कळायचं. त्यांनीच आईला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करायला लावला. तलाठ्याचा दाखला, मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, फोटो. तालुक्याची एक चक्कर म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली आणि एसटीचं तिकीट वेगळं. तिसऱ्या चकरेला आई एका सहीसाठी दिवसभर बसून परत आली. "आता नाही जात मी. भीक मागाले गेल्यासारखं वाटते," म्हणाली. पुढच्या वेळी ताई स्वतः तिच्यासोबत गेल्या. माझ्या शिक्षणाची सुरुवात मी त्या दिवसापासून धरते.

पैसे लागू झाले. तेव्हा महिन्याला ६०० रुपये मिळायचे, तेही कधी तीन महिन्यांचे एकदम. गावात त्याला पगार म्हणतात. बाबा गेल्यावर ज्या किराणावाल्यानं खातं बंद केलं होतं, त्यानं ते पुन्हा उघडलं, कारण आईला पगार आहे हे त्याला कळलं होतं. ६०० रुपयांपेक्षा त्या उघडलेल्या वहीचा आधार मोठा होता. मग अंत्योदयचं पिवळं कार्ड झालं, महिन्याचं ३५ किलो धान्य ठरलं. आई पहिल्यांदा पुढच्या महिन्याबद्दल बोलायला लागली. बचत गटात गेली, एक बकरी घेतली. मी आठवीत गेले तेव्हा मुलींना शाळेत नेणारी मानव विकास मिशनची निळी बस सुरू झाली, मुलींना तिकीट नाही. आईनं मला वेचणीतून सोडलं ते तेव्हा.

हे सगळं मी माइकवर सांगायला हवं होतं.

वहिनीचा नवरा मागच्या वर्षी गेला. तिला दोन पोरं आहेत. निराधारचे पैसे आता १५०० झाले आहेत, पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत लागतं. म्हणजे घरातल्या सगळ्यांचं मिळून रोजचे साधारण ५७ रुपये. रोजगार हमीचा २०२४-२५ चा दर २९७ रुपये होता. त्या वर्षी सरकारनंच दिलेलं १०० दिवसांचं काम एखाद्या बाईनं पूर्ण केलं असतं, तर तिचे २९,७०० झाले असते आणि ती अटीच्या बाहेर गेली असती. वहिनीच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर ३६,००० लिहून आले. अर्ज परत. मला म्हणाली, "बाई, कमावून खाल्लं तं गुन्हा झाला काय?" मला उत्तर देता आलं नाही. पैसे घेतले की लोक आळशी होतात, असं पारावर बसून बोलणाऱ्यांनी हा दाखला एकदा हातात घेऊन पाहावा.

पोरांसाठी बालसंगोपन योजना आहे, एका मुलामागे महिन्याला २२५० रुपये. तो अर्ज मी परवा रात्री तिच्या ओसरीवर बसून भरला. बोनाफाईड आणले, आधारच्या झेरॉक्स लावल्या. आता ती फाईल घेऊन यवतमाळला जायचं आहे. सोमवारी मला सुट्टी आहे, मी सोबत येते म्हटलं. ती बराच वेळ बोटांवर काही मोजत होती.

"सोमवारी फरदडीचा, शेवटच्या कापसाचा, वेचा हाय," ती म्हणाली. "मंगळवारी नाही चालत का?"

मी ड्युटी बदलून घेतली आहे. मंगळवारी सकाळी सातच्या एसटीनं निघतोय.