परसदार असलेलं बेट

19 सप्टेंबर, नाक्सोस बेट, ग्रीस

दुपारच्या बोटीने सँटोरिनी सोडलं. तिथे तीन दिवस होतो. ज्वालामुखीच्या तोंडाशी वसलेली ती पांढरी गावं सुंदर आहेत, याबद्दल वादच नाही. पण सूर्यास्ताला तिथल्या इया गावाच्या गल्लीत इतकी दाटी होती की आईचा हात सोडायची मला भीती वाटली. आईला तिथलं एकच मनापासून आवडलं, ते म्हणजे द्राक्षांचे वेल. वाऱ्यापासून घड वाचावेत म्हणून तिथे वेलाला मांडव नसतो. तो जमिनीलगत गोल गोल वळवत नेतात. "चुंबळच की गं ही," आई म्हणाली, आणि मग पुढे दिवसभर तिला तेवढंच दिसत राहिलं.

नाक्सोसच्या बंदरात शिरताना डाव्या हाताला टेकाडावर नुसती एक चौकट उभी दिसते. दार नाही, भिंत नाही, छप्पर नाही. हीच पोर्तारा. सामान खोलीवर टाकलं आणि तडक तिकडेच गेलो, समुद्रातल्या बांधावरून चालत. ख्रिस्तपूर्व 530च्या सुमारास इथला हुकूमशहा लिग्दामिस याने हे देऊळ बांधायला घेतलं. बहुधा अपोलोचं, कारण समोर डेलोस आहे, त्याचं जन्मबेट. लिग्दामिसची सत्ता गेली आणि काम थांबलं ते थांबलंच. पुढे व्हेनिसच्या लोकांनी इथले दगड गावातल्या किल्ल्यासाठी नेले, चौकट मात्र त्यांना हलवता आली नाही. तिचा एकेक दगड वीस टनांच्या आसपास आहे. आईने उंबऱ्यापाशी चप्पल काढली. मीही काढली.

20 सप्टेंबर

दिवसभर समुद्र. आगिया आन्ना ते प्लाका वाळूतून चालत गेलो. पाणी इतकं नितळ की गुडघाभर पाण्यातही पायाची नखं दिसतात. आई बराच वेळ ओहोटीची वाट बघत उभी होती. तिच्या लेखी समुद्र म्हणजे मालवणचा. तो मागे सरकणार, ओली वाळू उघडी पडणार, खेकडे पळणार. या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, हे तिला सांगितलं तर तिला वाईट वाटलं. "मग याला दिवस कसा कळतो?" असं विचारलंन. मला उत्तर सुचलं नाही. झाऊच्या सावलीत बसून टोमॅटो आणि ब्रेड खाल्ला.

21 सप्टेंबर

आजचा दिवस मला सविस्तर लिहून ठेवायचा आहे.

बसने हाल्कीला गेलो. किनारा सुटला की वीसेक मिनिटांत बेट एकदम वेगळंच होतं. जैतुनाची जुनी झाडं, दगडी बांध, मेंढ्या, बटाट्याची शेतं. नाक्सोसचा बटाटा साऱ्या ग्रीसमध्ये नावाजलेला आहे, आणि इथलं ग्राव्हिएरा चीजही. सिक्लाडीस बेटांतलं हे सगळ्यांत मोठं बेट. इथला झास डोंगर 1000 मीटरच्या थोडा वर जातो. तो ढग अडवतो, म्हणून शेजारच्या उघड्याबोडक्या बेटांपेक्षा इथे पाणी बरं. आईचा चेहरा बसच्या खिडकीतच उजळला. "या बेटाला परसदार आहे," ती म्हणाली. सँटोरिनीत तिला काय खुपत होतं ते मला तेव्हा कळलं. तिथे आम्हाला फक्त ओसरी दिसली होती, पाहुण्यांसाठी सारवून ठेवलेली.

हाल्कीत 1896 पासून चालणारी वालिंद्रासची भट्टी आहे. तिथे कीत्रो नावाचं मद्य काढतात. तांब्याचं जुनं भांडं, काचेच्या बरण्या, भिंतीवर जुने फोटो. गंमत अशी, की हे मद्य फळाचं नव्हे, पानांचं. हिरवं सगळ्यांत गोड आणि सौम्य, पिवळं सगळ्यांत कडक. दारातल्या झाडाचं गळून पडलेलं एक पान आईने उचललं, चुरगळलं, नाकाशी धरलं आणि डोळे मिटून उभी राहिली. मला वाटलं तिला चक्कर येतेय.

"अगं, हे म्हाळुंग आहे."

तिच्या माहेरी, कोल्हापुरात, परसात म्हाळुंगाचं, मोठ्या लिंबासारख्या फळाचं, झाड होतं. अंबाबाईच्या हातात जे फळ आहे ना, तेच. हे झाड मूळचं आपल्याच बाजूचं, हिमालयाच्या पूर्वेकडच्या पायथ्याचं. इराणमार्गे ते भूमध्य समुद्राच्या काठी पोचलं, लिंबू-संत्र्याच्या कितीतरी आधी. हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. पण ते वाचलेलं तिच्या हातात हिरवं होऊन समोर आलं तेव्हा माझा गळा दाटून आला. गावातल्या दुकानात त्याच फळाच्या सालीच्या पाकातल्या फोडी मिळाल्या. आईने एक चमचा तोंडात टाकला आणि म्हणाली, "आमच्या आजीच्या पाकात लवंग असायची."

23 सप्टेंबर

काल विश्रांती. आज भाड्याची गाडी घेऊन आपिरांथोस. सहाशे मीटर उंचीवरचं गाव, गल्ल्यांना संगमरवराची फरशी. 1941 साली अथेन्सच्या अॅक्रोपोलिस टेकडीवरचा नाझी झेंडा उतरवणाऱ्या दोन तरुणांपैकी मानोलिस ग्लेझोस याच गावचे. इथल्या डोंगरात कुरुंदाच्या खाणी होत्या. काळा, लोखंडासारखा जड दगड. त्याच्या भुकटीने संगमरवर घासून गुळगुळीत करत. मुर्ती ज्या दगडाची आणि ती घासायची ती पूडही, दोन्ही एकाच बेटावर. खाणीतून मुत्सूनाच्या धक्क्यापर्यंत माल नेणाऱ्या रज्जुमार्गाचे लोखंडी खांब अजून उतारावर उभे आहेत. डोंगर पोखरताना माणसांनी किती धूळ गिळली असेल, हाच विचार मनात येत राहिला.

तिथून वळणावळणाने आपोलोनास. गावाच्या वर, जुन्या खाणीत, साडेदहा मीटरहून लांब एक पुरुषमूर्ती उताणी पडली आहे. दाढी कळते, पायांचा आकार कळतो, चेहरा अजून दगडातच आहे. बहुधा हा डायोनिसस, मद्याचा देव. दगडाला भेग गेली म्हणून अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कारागिरांनी काम सोडलं असं मानतात. कुंपण नाही, तिकीट नाही. कुंभोजच्या बाहुबलीच्या पायाशी उभं राहून आम्ही कितीदा मान वर केली आहे. इथे तसाच कोणीतरी आडवा होता आणि त्याच्या उशाशी रानशेपू उगवली होती. आई त्याच्या पावलांपाशी बसून राहिली. "उठवलाच नाही बिचाऱ्याला," एवढंच म्हणाली. टाकीचे घाव अजून मोजता येतात. मी बोटांनी मोजायला लागले आणि सव्वीसवर थांबले.

24 सप्टेंबर

उद्या सकाळची पिरेअसची, म्हणजे अथेन्सच्या बंदराची, बोट.

घरमालकीण आईच्याच वयाची. मी त्यांना मावशी म्हणते, त्यांना अर्थ ठाऊक नाही, पण ओ देतात. आज त्यांनी अंगणात बोलावून जैतुनाच्या तेलात तळलेले बटाटे समोर ठेवले. वर किसलेलं चीज. "फाए, फाए," म्हणजे खा, खा. हे आईला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आग्रहाला शब्दकोश लागत नाही.

जेवण झाल्यावर आईने पर्समधून अंबाबाईची छोटी तसबीर काढली आणि खालच्या उजव्या हातावर बोट ठेवलं. मावशींनी चष्मा शोधला, तसबीर दिव्याखाली नेली, बराच वेळ पाहिली.

"कीत्रो!" त्या म्हणाल्या. मग शेजारणीला हाक मारली, तिलाही दाखवायला.