आधी नकार, मग एल-१: ठाण्याहून अबू धाबीमार्गे शिकागो

मे २०१७. मावसबहिणीकडे न्यू जर्सीला तीन आठवडे जायचं म्हणून मी अमेरिकेचा पर्यटक व्हिसा मागितला होता. मुलाखत दोन मिनिटांत आटोपली आणि हातात एक कागद आला, त्यावर अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २१४ बी. हे कलम म्हणतं की अर्जदार तिकडेच राहायला येतोय असं आधी धरायचं, आणि तसं नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, लग्न नाही, नोकरीला जेमतेम आठ महिने झालेले. पटवण्यासारखं माझ्याकडे फार काही नव्हतं. या नकारावर अपील नसतं आणि फी परत मिळत नाही. पुन्हा अर्ज मात्र कधीही करता येतो. हे शेवटचं मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, म्हणून मुद्दाम इथे लिहितेय. त्या दिवशी घरी आल्यावर मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते.

२०२४ मध्ये कंपनीनेच मला शिकागोजवळच्या ऑफिसात पाठवायचं ठरवलं. मी रबाळे एमआयडीसीत ब्लिस्टर पॅकिंग मशीनच्या कंट्रोल सॉफ्टवेअरवर काम करते. व्हिसा एल-१ बी, म्हणजे कंपनीचं खास ज्ञान असलेल्या कर्मचाऱ्याची बदली. त्यासाठी मागच्या तीन वर्षांत निदान एक वर्ष सलग त्याच कंपनीत, अमेरिकेबाहेर काम केलेलं असावं लागतं. कंपनीने त्यासाठी अमेरिकन सरकारकडे केलेली याचिका ऑगस्टमध्ये मंजूर झाली, आय-७९७ हा मंजुरीचा कागद आला, आणि माझ्या पोटात तोच जुना गोळा उठला.

वकिलीणबाईंनी एक गोष्ट समजावली, तिने माझी झोप परत आणली. 'हा परत येणार नाही' हे जे २१४ बीचं गृहीतक आहे, ते एल वर्गाला लागूच होत नाही. पर्यटक म्हणून मिळालेला जुना नकार कामाच्या व्हिसाला आपोआप आडवा येत नाही. आडवं येतं ते खोटं. डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जाच्या फॉर्ममध्ये सरळ प्रश्न आहे: तुम्हाला याआधी कधी व्हिसा नाकारला गेलाय का? ठाण्यातल्या एका एजंटाने मला अगदी काळजीने सांगितलं, "मॅडम, सात वर्षं झाली, 'नाही' टाका, कोण बघतंय?" कृपा करून हा सल्ला कुणीही ऐकू नका. २०१७ ला दिलेले दहा बोटांचे ठसे त्यांच्याकडे आहेत. नकार ही फक्त एक नोंद असते. व्हिसासाठी खोटी माहिती दिली असं ठरलं, तर मात्र अमेरिकेची दारं कायमची बंद होऊ शकतात. मी 'होय' टाकलं आणि खाली एकच ओळ लिहिली: मे २०१७, मुंबई, पर्यटक व्हिसा, कलम २१४ बी. खुलासा नाही, कारणमीमांसा नाही.

फॉर्म भरण्याआधी पासपोर्टची मुदत बघा. माझ्या पासपोर्टची जेमतेम दीड वर्ष उरली होती. सीमेवरचा अधिकारी साधारणपणे पासपोर्ट संपतो तिथपर्यंतच राहू देतो, मग याचिका तीन वर्षांची का असेना. म्हणून आधी वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात नूतनीकरण केलं, नौपाड्याच्या घरी पोलीस पडताळणी झाली, आणि मगच नव्या नंबरवर डीएस-१६० भरला. जुना पासपोर्टही फाइलमध्ये ठेवला. फोटो दोन बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा काढून. फी २०५ डॉलर, पर्यटक व्हिसापेक्षा थोडी जास्त.

ठसे आणि फोटो आदल्या दिवशी वेगळ्या केंद्रात होतात. मुलाखतीच्या सकाळी ठाण्याहून फास्ट लोकलने कुर्ला, तिथून रिक्षाने बीकेसीतली अमेरिकन वकिलात. फोन आत नेता येत नाही. नवरा सोबत आला होता, तो फोन आणि बॅग घेऊन बाहेर थांबला. एकट्या जाणार असाल तर फोन घरीच ठेवा.

खिडकीवरच्या बाईंनी आधी काम विचारलं. एल-१ बीच्या मुलाखतीचा जीव इथे आहे. तुमचं ज्ञान खास का, हे मशीन कधी न पाहिलेल्या माणसाला दोन वाक्यांत कळलं पाहिजे. मी महिनाभर जेवायला बसलं की आईला समजावून सांगत होते. ती "कळलं" म्हणाली तेव्हाच ती वाक्यं पक्की केली. मग प्रश्न आला, "२०१७ मध्ये काय झालं होतं?" मी म्हटलं, "पर्यटक व्हिसा मागितला होता, नाकारला गेला. तेव्हा नोकरीला आठ महिने झाले होते. आता त्याच कंपनीत आठ वर्षं झाली." त्यांनी मान हलवली, टाइप करत राहिल्या, आणि व्हिसा मंजूर असल्याचं सांगितलं. बाहेर आल्यावर नवऱ्याला काही सांगायच्या आधीच मला रडू आलं.

तरीही व्हिसा म्हणजे प्रवेश नव्हे. तो फक्त दारापर्यंत जाऊन 'आत येऊ का' विचारायचा हक्क देतो. आणि अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांसाठी ते दार अबू धाबीतच आहे. तिथल्या झायेद विमानतळावर अमेरिकेचे सीमा अधिकारी स्वतः बसतात. पूर्ण तपासणी तिथेच होते आणि शिकागोला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता. मी हा मार्ग मुद्दाम निवडला. 'नाही' ऐकायचंच असेल तर चौदा-पंधरा तासांच्या उड्डाणाआधी ऐकावं, असं मनात होतं.

नोव्हेंबरमधली रात्र. आई संध्याकाळीच कोपिनेश्वराला जाऊन आली होती. मुलुंड टोलनाक्यावर गाडी थांबलीच नाही, महिन्यापूर्वीच हलक्या वाहनांचा टोल माफ झाला होता. मुंबई विमानतळाच्या टी-टू वर आपल्या इमिग्रेशनने "कंपनीतर्फे?" एवढंच विचारलं.

अबू धाबीत दोन विमानांमध्ये निदान तीन तास ठेवा. माझ्याकडे चार होते आणि ते सगळे लागले. अमेरिकेच्या विमानांसाठी तिथे पुन्हा एकदा सुरक्षा तपासणी होते, त्यामुळे मुंबईच्या ड्यूटी फ्रीमधली अत्तराची मोठी बाटली किंवा पाणी घेऊन पुढे जाऊ नका. काउंटरवर ठसे घेतले, फोटो काढला, आणि अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट एका पिशवीत घालून बाजूच्या खोलीत बसायला सांगितलं. त्या खोलीत मी पंचवीस मिनिटं होते. त्यात काही वावगं नाही. याचिकेवर येणाऱ्यांचे कागद बारकाईने बघतात, एवढंच. पण आधी माहीत नसेल तर हातपाय गार पडतात. खोलीत फोन काढू नका. आय-७९७, कंपनीचं पत्र, पगाराच्या पावत्या, तिकडच्या मॅनेजरचं नाव आणि नंबर, हे सगळं छापील आणि हातातल्या बॅगेत हवं. मला पगार विचारला, कामाचा पत्ता विचारला, आणि शेवटी पुन्हा तोच, २०१७. मी पुन्हा तेच, तेवढंच सांगितलं. फॉर्ममध्ये, खिडकीवर आणि इथे उत्तर एकच होतं, म्हणून आठवायला काही लागलं नाही.

खाण्याचे पदार्थ विचारले तेव्हा गोडा मसाला, मेतकूट आणि भाजणी आहे म्हणून सांगितलं. आईने दिलेला कढीपत्ता मी निघतानाच काढून ठेवला होता, तो चालत नाही. ताजी फळं, बिया, मांसही नको. जे आहे ते सांगून टाकलं की प्रश्न मिटतो, लपवलं तर दंड.

शिकागोत सरळ पट्ट्यावरून बॅगा उचलल्या आणि बाहेर. खोलीवर पोचल्यावर पहिलं काम आय-९४, म्हणजे प्रवेशाची नोंद, वेबसाइटवरून उतरवून घेण्याचं. हल्ली पासपोर्टवर शिक्का मिळेलच असं नाही, किती दिवस राहायचं ते या ऑनलाइन नोंदीवरूनच ठरतं. नाव, वर्ग एल-१, शेवटची तारीख, तिन्ही याचिकेशी ताडून बघा. चूक असेल तर ती दुरुस्त करणारी वेगळी कार्यालयं असतात, तिथे लगेच जा. माझी तारीख याचिकेच्या शेवटच्या दिवसापर्यंत आली होती, वागळे इस्टेटच्या त्या खेपेमुळे.

आता नवऱ्याच्या आणि लेकीच्या एल-२ चं, म्हणजे एल-१ वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसाचं, चाललंय. नवऱ्याला तिथे काम करायला वेगळा परवाना काढावा लागणार नाही, एल-१ वाल्यांच्या जोडीदारांना २०२१ च्या अखेरपासून ती मुभा आहे. त्याची ठशांची तारीख पुढच्या गुरुवारी आहे. माझीच फाइल त्याने त्याच क्रमाने लावून घेतलीय, वरती डीएस-१६० चा कागद आणि खाली जुना पासपोर्ट.