तात्यांची छत्री

परवा दुपारी दादरला भाजी घेत होते आणि जोराची सर आली. आजूबाजूला फटाफट छत्र्या उघडल्या. माझीही पिशवीत होती. पण गर्दीत छत्री उघडायची नाही हा आमच्या घरातला दंडक, आणि तो घालून देणारा माणूस मी कधी पाहिलेला नाही.

तात्या म्हणजे माझे पणजोबा. धड फोटोसुद्धा नाही त्यांचा. कुठल्याशा समारंभाच्या फोटोत मागच्या रांगेत एक कान दिसतो, तो त्यांचा म्हणतात. बाकी तात्या सगळे गोष्टीतले. त्यातली मुख्य गोष्ट १ ऑगस्ट १९२० ची. मध्यरात्र उलटल्यावर सरदारगृहात टिळक गेले. तात्या त्या दिवशी पेढीवर न जाता गिरगावातल्या चाळीतून थेट तिकडे गेले. दुपारी अंत्ययात्रा चौपाटीकडे निघाली, पाऊस कोसळत होता, माणसांचा नुसता पूर. तात्यांच्या हातात लांब दांड्याची काळी छत्री होती आणि ती त्यांनी शेवटपर्यंत उघडली नाही. का, तर मागच्याला दिसणार नाही.

एवढीच गोष्ट. आत्या सांगते तेव्हा पगडीचा लाल रंग उपरण्यावर ओघळतो. काका म्हणतो, पगडी कुठली, काळी टोपी होती. नागपूरच्या चुलतआजीच्या मते तात्यांनी ती छत्री एका म्हातारबुवांच्या डोक्यावर धरली होती. म्हणजे उघडली होती की! ही आवृत्ती आम्ही घरात चालू देत नाही.

तशी ज्याला विचाराल त्याचे पणजोबा त्या दिवशी चौपाटीवर होतेच. बेचाळीसला ज्यांचे ज्यांचे आजोबा भूमिगत होते त्या सगळ्यांची बेरीज केली, तर जमिनीवर कोण उरलं होतं असा प्रश्न पडतो. पण तात्यांच्या गोष्टीत तुरुंग नाही, भाषण नाही, टिळकांनी त्यांच्या पाठीवर हातबित ठेवलेला नाही. नुसती मिटलेली छत्री. थाप मारायचीच तर कुणी एवढी लहान मारेल का? म्हणून मी ती खरी धरून चालते.

शाळेत असताना एका १५ ऑगस्टला झेंडावंदनाच्या ऐन वेळी पाऊस आला. बाई धरून सगळ्यांनी छत्र्या उघडल्या. मी मिटलेली छत्री छातीशी धरून ताठ उभी. माझ्या मागे भिंत होती, त्यामुळे न दिसण्याचा प्रश्न कुणालाच नव्हता. संध्याकाळी सणसणून ताप चढला. आजीने कपाळावर सुंठ उगाळून लावली आणि आल्यागेल्याला सांगत राहिली, "अगदी तात्यांवर गेलीय हो!" गणितात पैकीच्या पैकी मिळाले तेव्हाही माझं इतकं कौतुक झालं नव्हतं. तेव्हापासून मी तात्यांवर गेलेली आहे. नाटकाला उंच अंबाडा घालत नाही, लग्नात फोटोवाल्याच्या आड येत नाही. नवरा म्हणतो, त्यांचं ठीक आहे, तू भाजीवाल्यापुढे कुणासाठी भिजतेस? याला माझ्याकडे उत्तर नाही.

पितृपक्षात काका तर्पण करतो तेव्हा पितामह म्हणून तात्यांचं नाव येतं. पाठोपाठ पितामही म्हणून पणजीचं, सासरी ठेवलेलं. विधीत तीनच पिढ्यांची नावं घ्यायची असतात. काकाच्या मुलापर्यंत ही दोघं टिकतील, पुढे नाही. तात्यांची निदान छत्री तरी राहील.

यंदा काकाकडे जेवणं उरकल्यावर मी आत्याला विचारलं, "तात्या तसे चिंब भिजून घरी आले, तेव्हा पणजी काय म्हणाली?"

"ती काय म्हणणार? बाळंतीण होती ती."

खरंच की. आजोबांचा जन्म त्याच वर्षीचा, आषाढातला. म्हणजे चाळीतली एक खोली, महिन्याभराचं पोर, पावसात न वाळणारी दुपटी, आणि त्यात तात्यांचं ते ओलं उपरणं. गोष्ट शंभर वर्षं सांगितली जातेय आणि या खोलीत कुणी डोकावलेलं नाही. मीही नाही.

"तिचं माहेरचं नाव काय गं?"

आत्या थोडा वेळ आठवत बसली. मग काकाला हाक मारून विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं.